वेळेचा रकाना

माझ्या पहिल्या मोठ्या शोधनिबंधात, अभ्यासाची पद्धत सांगणाऱ्या भागात, एक ओळ आहे. ‘एका मुलाखतकाराने गोळा केलेली माहिती गुणवत्तेच्या कारणावरून वगळली आहे.’ निबंध इंग्रजीत आहे, ओळही इंग्रजीत आहे. निबंध छापण्यापूर्वी ज्यांनी तो तपासला, त्यांतल्या एका परीक्षकाने या ओळीचं खास कौतुक केलं होतं. इतकी काटेकोर तपासणी सहसा कोणी करत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी छापून गावी, टेंभुर्णीला नेलं आणि वडिलांना मराठीत सांगितलं. वडिलांनी आयुष्यभर हायवेवर ट्रकमधला माल उतरवला. त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली आणि म्हणाले, “पोराचं काम लई चोख हाय. सायबानं लिवून दिलंय.” पत्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

त्या ओळीतला मुलाखतकार म्हणजे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. शाळेतले गणिताचे सर सुट्टीत घरी बोलावून शिकवायचे. त्याबद्दल त्यांनी कधी काही घेतलं नाही. उलट त्यांच्या घरी जेवून यायचो. ते म्हणायचे, “गणितात वशिला चालत नाही, म्हणून तू गणित धर.” मी धरलं. सोलापुरात राहून संख्याशास्त्रात एमएस्सी केली आणि लोकांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागलो. घरी कोणाला माझं काम नीट सांगता यायचं नाही. आई बायकांना सांगायची, “माणसांच्या मनातलं मोजतो.” त्या हसायच्या. मलाही ते ऐकायला आवडायचं.

काम असं होतं. शहरातल्या कष्टकरी बायकांच्या घरांपैकी चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी काही घरं निवडायची. तिथे आमच्या फील्डवर्कर ताई जाणार आणि प्रश्न विचारणार. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, जेवण गेलं का, उगाच रडू आलं का. शेवटचा प्रश्न, जगू नये असं वाटलं का. या शेवटच्या प्रश्नाला जी ‘हो’ म्हणेल तिच्या घरी आठवड्याच्या आत समुपदेशक बाईंनी जायचं आणि गरज असेल तर डॉक्टरांकडे न्यायचं, असा नियम होता. तो नियम मीच लिहिला होता. बाकी मी शुक्रवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत, संगणकासमोर बसून असे.

दहा ताई होत्या. त्यांतल्या एकीला सगळ्या ‘अक्का’ म्हणायच्या. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, दहावी झालेल्या. लहानपणापासून बिड्या वळलेल्या, त्यामुळे बोटांची टोकं पिवळट झालेली. बिडी वळणाऱ्या बायकांच्या गल्ल्या मी त्यांनाच दिल्या होत्या, भाषेची अडचण नको म्हणून.

पहिल्या महिन्यातच त्यांचे फॉर्म मला खुपायला लागले. बाकी नऊ जणींच्या फॉर्मांत ‘नाही’ची रांग असायची, मध्येच एखादं ‘हो’. अक्कांच्या फॉर्मांत ‘हो’च ‘हो’. शेवटच्या प्रश्नालासुद्धा सहा जणी ‘हो’ म्हणालेल्या. संख्याशास्त्रात असा एक जण सगळ्यांपासून दूर पडला की आधी त्याच्यावर संशय घ्यायला शिकवतात. घरी बसून फॉर्म भरणारे लोक असतात, हे खोटं नाही.

मग मी वेळेचा रकाना बघितला. प्रत्येक फॉर्मवर मुलाखत सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहायची असते. अक्कांचे चार फॉर्म घेतले. पहिला नऊ दहाला सुरू, दहा पंचवीसला संपला. दुसरा नऊ वीसला सुरू, दहा वीसला संपला. तिसरा, चौथा तसेच. एकच बाई एकाच वेळी चार घरांत. मला आठवतं, मी खुर्चीत मागे टेकलो आणि मला बरं वाटलं. सापडलं, असं वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांच्या पिशवीतून फॉर्म काढताना कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा बाहेर पडला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “ताई, आपल्याकडं सर्वेक्षण असतं. बिड्यांचा कारखाना पलीकडं.” सगळ्या हसल्या. अक्काही हसल्या. त्यांना वाटलं असावं, सर चेष्टा करतात.

नियमाप्रमाणे फेरतपासणी करायची होती. म्हणजे त्याच घरी दुसऱ्या माणसाने जाऊन तेच प्रश्न विचारायचे. मी स्वतः गेलो. ऑफिसचं काम आटोपून, जेवून, दुपारी तीनला, ताईंवर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरच्या स्कूटरवर मागे बसून. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ लिहिलेल्या त्या सहाही घरी गेलो.

एकेका खोलीची घरं. पहिल्या घरी दारात सासू बसलेली, आत दीर झोपलेला, पलीकडच्या घरातून यंत्रमागाचा खडखडाट. सून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. तिने मान वर केली नाही.

“झोप लागते का?” मी विचारलं.

“लागती की.”

“रडू येतं का, काही कारण नसताना?”

यावर सासूच बोलली. “कशाला रडंल? खायला हाय, ल्यायला हाय. साहेब, कामाला बसलं की झोप कशी मस्त लागती. तुमच्या हापिसात लागत न्हाय व्हय?”

सुपरवायझर हसला. मी शेवटचा प्रश्न विचारला. सून म्हणाली, “न्हाय.” मी लाल पेनने ‘नाही’वर खूण केली. सहाही घरी सहा वेळा ‘नाही’.

शनिवारी बैठक होती. दहाही ताई सतरंजीवर बसल्या होत्या, मी खुर्चीत. मला बाजूला बोलावून विचारता आलं असतं. पण मला वाटलं, सगळ्यांसमोर विचारलं तर इतरांनाही धडा मिळेल.

“ताई, एक माणूस एका वेळी चार घरांत असू शकतो का?”

“सर, त्याचं कसं हाय की, सकाळी सासवा ना—”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“न्हाय.”

“मग हे टाइम कोणी लिहिले?”

“मीच लिवले.”

“खरे आहेत?”

“व्हय. घड्याळ बघून लिवले.”

“दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?”

“तेच सांगायलेय की सर, सासवा जातेत तवा—”

“सासवांचं मी विचारलेलं नाही,” मी म्हणालो. “फॉर्म घरी बसून भरलेत, हो की नाही?”

त्या दुसरंच बोलल्या. “त्या सहा जणींकडं डॉक्टर कधी जाणार? मी सांगून आलेय त्यांना.”

“खोट्या फॉर्मवर डॉक्टर पाठवता येत नाहीत.”

खोलीत कोणी हसलं नाही. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून सतरंजीवर ठेवलं. पिशवी ठेवली. मग पुन्हा वाकून पिशवीतून कात्री आणि साचा काढला. “हे माझं हाय,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्या सहा घरांचे क्रमांक मी समुपदेशक बाईंच्या यादीतून स्वतः काढले. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्यानंतर निबंध, ते पत्र, बढती. दिल्लीला एका परिषदेत मी या अभ्यासावर बोललो. तिथेही फेरतपासणीबद्दल विचारलं गेलं आणि मी तो वेळेच्या रकान्याचा किस्सा सांगितला. नाव घेतलं नाही. लोक हसले. चारही घरांत एकाच वेळी, हे मी हाताने दाखवलं होतं.

दीड-दोन वर्षांनी नवा अभ्यास आला. गल्ल्या त्याच. एके दिवशी दुपारी ऑफिसात पाहुणे येणार होते म्हणून मी सकाळीच पाहणीला निघालो. सव्वानऊ झाले असतील. बिडी कारखान्यासमोर म्हाताऱ्या बायकांची लांब रांग होती. आदल्या दिवशी वळलेल्या बिड्या टोपल्यांत घालून, वर फडकं टाकून आणलेल्या. माल तपासून देईपर्यंत आणि नवीन पान-तंबाखू मिळेपर्यंत ही रांग हलत नाही. मी ती रांग पूर्वीही पाहिली असेन. रांगेतल्या या बायका कोणाच्या तरी सासवा असतात, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मी गल्लीत शिरलो. ही तीच गल्ली का, असं वाटलं. सगळी दारं सताड उघडी, एकही म्हातारी नाही. सुना उंबऱ्यात सुपं घेऊन बसलेल्या आणि या दारातून त्या दारात तेलुगूत, मराठीत मोठ्याने बोलत होत्या. हसत होत्या. मला बघून आवाज थोडे खाली आले. एकीने मला निरखून पाहिलं.

“तुमी ते आजाराचे साहेब ना? एकदा दुपारी आल्तात?”

मी हो म्हणालो.

“आज बरं सकाळचं आलात. हाच आमचा टाइम हाय. सासवा रांगेत, दीर कामावर.” मग तिने विचारलं, “अक्काला कामावरनं का काढलात?”

मी उलट तिलाच विचारलं, मुलाखतीला अक्का कशा यायच्या. तिने हात न थांबवता सांगितलं. अक्का नऊला यायच्या आणि तिच्या शेजारी बसून तिच्याच सुपातल्या बिड्या वळायच्या. कारण दिवसाला ठरलेल्या बिड्या भरल्या नाहीत, तर संध्याकाळी सासू विचारणार, वेळ कुठे गेला, कोणाशी बोलत बसलीस. ती बोलायची तेवढ्या वेळातल्या बिड्या अक्का भरून काढायच्या. चार प्रश्न झाले की उठून शेजारच्या घरी जायच्या, तिथेही थोडं वळायच्या, मग परत इकडे. कोणाच्याच सुपात तूट पडू द्यायची नाही, आणि सासवा यायच्या आत चारही घरं संपवायची.

“त्यांच्याजवळ कात्री असायची,” मी म्हणालो.

“मग? माझी कात्री मलाच लागती की,” ती म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हसली. “साहेबांना बिडीतलं काय कळतंय?”

मग हसू थांबवून म्हणाली, “अक्का डॉक्टर पाठवते म्हणली होती. डॉक्टर काय आला न्हाय. तुमी आलात. सासूच्या तोंडावर विचारलात, रडू येतं का. पुढं दोन दिवस सासू मला सोडंना. तुझ्याचकडं साहेब कशाला आला, काय सांगितलीस तू बाहेर.”

तिथे उभा असताना मला आठवली आमची आई. मी पाचवी-सहावीत असताना एक वर्ष ती जेवण अर्ध्यात टाकून उठायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आमची धाकटी बहीण तेव्हा तापाने गेली होती. त्या वर्षी कागद घेऊन आरोग्य खात्याचा एक कर्मचारी घरोघर आला होता. त्याने विचारलं, घरात कोणी आजारी? आई पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, “समदं बरं हाय, साहेब.” मी तिच्या बाजूला उभा होतो. ती खोटं बोलतेय हे मला त्या वयात कळलं होतं. आणि एमएस्सी होऊन, हातात कागद घेऊन मी दुपारी तीनला सहा घरांत तेच वाक्य ऐकलं आणि खरं धरलं.

त्याच दिवशी पाहुण्यांना दुसऱ्यांवर सोपवून मी अक्कांच्या घरी गेलो. त्या दारात सूप घेऊन बसल्या होत्या. हात थांबले नाहीत.

“या, सर. आज कुठल्या घराची तपासणी?”

“ताई, माझी चूक झाली. मला आज कळलं.”

“कोण सांगितलं?”

मी सांगितलं. त्यांनी एक बिडी वळून, तोंड मुडपून, दोरा गुंडाळून सुपात टाकली. मग म्हणाल्या, “कारखान्यात पण तपासणारा असतोय. खराब बिडी बाजूला टाकतोय. पण हातात घेऊन, दाबून बघतोय की. तुमी नुसतं घड्याळ बघितलात.”

“मी विचारायला हवं होतं.”

“विचारलात की. हो का न्हाय, असं विचारलात.”

मी सांगितलं की निबंध छापणाऱ्यांना पत्र लिहितो, दुरुस्ती छापायला लावतो, फॉर्म पुन्हा हिशेबात घेतो.

“त्यात माझं नाव येणार?”

“नाव घालत नाहीत.”

“आणि इंग्लिशमधी असणार. मग हितं कुणाला कळणार, अक्कानं खोटं लिवलं न्हवतं म्हणून? माझी सून अजून म्हणती, सरकारी कामातनं काढून टाकलेली सासू.” आमचं काम सरकारी नव्हतं, पण मी ते दुरुस्त केलं नाही. “ज्यांच्यासमोर काढलात, त्यांच्यासमोर बोला,” त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो. मग जे विचारायला आलो होतो आणि धीर होत नव्हता, ते विचारलं. त्या सहा जणींचं काय झालं?

“मीच बघितले. तुमी बघणार न्हाई म्हणल्यावर काय करू? दोघींना दवाखान्यात नेले. सासवांना सांगितले, डोळे तपासायला नेते, फुकट हाय. त्या गोळ्या घेतात, बऱ्या हायत. तिघींकडं रोज एक चक्कर मारते.” त्यांनी सूप झटकलं. “कोपऱ्यावरच्या घरातली मात्र गेली. होटगीची पोरगी. माहेरी जाते म्हणून गेली, ती परत आली न्हाय. सासरचे बोलत न्हाईत. डॉक्टर कधी येणार म्हणून तीच दर सकाळी विचारायची मला. मी म्हणायची, येईल, येईल. मग मीच तिच्या दारावरनं जायचं सोडले.”

दुसऱ्या शनिवारी मी ताईंना बोलावलं. जुन्यांपैकी सात जणी उरल्या होत्या, बाकी नवीन. खुर्ची बाजूला सारून मी सतरंजीवर बसलो, तर एक जण म्हणाली, “सर, पँट खराब होईल.” अक्का उशिरा आल्या. माल देऊन आल्या होत्या, पान-तंबाखूची टोपली हातात होती. मी तयारी करून गेलो होतो, पण वाक्यं जुळेनात. एवढंच सांगितलं की अक्कांचे सगळे फॉर्म खरे होते, वेळाही खऱ्या होत्या, आणि मी त्यांना बोलू दिलं नाही. माझ्यामुळे सहा बायका डॉक्टरांपासून लांब राहिल्या. एका नव्या मुलीने विचारलं, “मग सर, आता टाइम कसा लिहायचा? मध्येच उठून गेलं तर?”

माझ्या आधी अक्काच बोलल्या. “जसा असंल तसा लिही. उठलीस की लिही, परत बसलीस की लिही.”

आता आमच्या फॉर्मवर वेळेसाठी एकाऐवजी चार ओळी आहेत. अक्का कामावर परत आल्या नाहीत. दोन सकाळी येऊन त्यांनी नव्या मुलींना गल्लीत कसं बसायचं ते दाखवलं, आणि पुरे म्हणाल्या. दुरुस्ती छापून आली. तिचं कोणी कौतुक केलं नाही आणि ते बरोबरच होतं. टेंभुर्णीला मात्र मी ती अजून वाचून दाखवलेली नाही. वडील थकलेत. पाहुणे आले की पेटीतलं पत्र काढायला सांगतात. मी काढून देतो आणि पाणी प्यायला आत जातो.

होटगीला, तिच्या माहेरी, समुपदेशक बाई दोनदा जाऊन आल्या, एकदा मीही गेलो. रेल्वे फाटकाजवळचं घर सापडलं. भावजय म्हणाली, इथे आठ दिवस राहिली आणि कामाला जाते म्हणून गेली. कोणी हैदराबाद सांगतं, कोणी पुणे. कोणाकडेच फोन नंबर नाही. तिचा फॉर्म माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. सुरू नऊ पाच, संपली दहा पंधरा. अक्कांचं अक्षर.

दोन-तीन महिन्यांनी कधीतरी सकाळी नऊच्या सुमाराला अक्कांचा फोन येतो. मागून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत असतो. खुशाली विचारणं वगैरे काही नसतं.

“होटगीची सापडली का?”

“नाही.”

“बरं,” म्हणतात आणि फोन ठेवतात.